मोठ्या आत्याचे गोंदण माझ्या हातावर उतरवताना

५ जानेवारी २०२५, रविवार

काम असे आहे. माझी मोठी आत्या ८४ वर्षांची असून इंदूरला रामबागेत राहते, आणि तिच्या उजव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपर व मनगट यांच्या मधोमध, लहानपणी इंदूरजवळच्या धार गावी गोंदून घेतलेले तुळशीवृंदावन आहे. ते जसे होते तसे मला माझ्या डाव्या हातावर उतरवायचे आहे. आज ते जसे दिसते तसे उतरवण्यात अर्थ नाही, कारण आज तिथे निळसर-हिरवट डागांची दाटी आहे आणि वृंदावनाचा कट्टा कुठे संपतो हे माहितगारालाच कळते. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी आजी किंवा आत्या आहे, आणि बहुतेक जण मोबाइलवर फोटो काढून तो थेट स्टुडिओत नेतात. त्यातून एक तर सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या पसरट डागांची हुबेहूब नक्कल होते, जी आणखी काही वर्षांत वाचताही येणार नाही, किंवा मूळ आकृतीचे निमित्त करून आर्टिस्ट स्वतःचीच नक्षी रचतो. हे दोन्ही टाळायचे कसे, एवढाच या नोंदींचा विषय आहे. मी वास्तुविशारदाच्या कार्यालयात नकाशे काढते, त्यामुळे ट्रेसिंगचा हात आहे. सुईचे काम मात्र मी करणार नाही.

आज नुसते फोटो काढले आणि ते सगळे टाकून द्यावे लागले. ट्यूबलाइटखाली निळा रंग राखाडी दिसतो, फ्लॅश लावला की खोबरेल लावलेल्या हातावर पांढरे चट्टे उमटतात, आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे माझा मोबाइल फोटोतली त्वचा स्वतःहून गुळगुळीत करतो, त्यामुळे फिके ठिपके फोटोत उरतच नाहीत. ती सोय सेटिंगमध्ये शोधून बंद केली. सकाळच्या उजेडात, ऊन थेट न येणाऱ्या खिडकीपाशी, हात घडी केलेल्या टॉवेलवर ठेवून आणि शेजारी पोलादी पट्टी ठेवून पुन्हा काढायचे ठरले आहे. हात आधी साबणाने धुवून कोरडा करायचा, म्हणजे तेलाची चमक जाते.

१२ जानेवारी, रविवार

फोटो चांगले आले, परंतु त्यांच्यावरून आकृती काढता येणार नाही हेही स्पष्ट झाले. हात गोल असतो, फोटो सपाट असतो. कडेचे ठिपके फोटोत एकमेकांच्या जवळ आलेले दिसतात. म्हणून आकृती हातावरूनच ट्रेस करायला घेतली.

पारदर्शक ओएचपी शीट ताठ असल्यामुळे हाताच्या गोलाईवर बसली नाही. मधला भाग टेकला, कडा उचललेल्या राहिल्या. स्वयंपाकघरातली पातळ चिकटणारी फिल्म उत्तम बसली, पण सोडवताना ती ताणली गेली आणि ट्रेस केलेला सगळा माग लांबट झाला. जखमेवर लावतात ती चिकट पारदर्शक फिल्म मी दवा बाजारातून पुढच्या कामासाठी आणून ठेवली होती आणि ती वापरून पाहण्याचा मोह झाला. मात्र इतक्या वयात त्वचा अतिशय पातळ झालेली असते आणि चिकट पट्टी ओढताना ती सोलवटून निघू शकते. म्हाताऱ्या माणसाच्या हातावर कोणतीही चिकट वस्तू लावू नये, मग माग कितीही वाईट येवो.

शेवटी उपयोगी पडले ते शाळेच्या पुस्तकांना कव्हर घालायचे मऊ पारदर्शक प्लास्टिक. खजुरी बाजारात त्याची गुंडाळी २० रुपयांना मिळाली. ते हातावर नुसते टाकले तरी गोलाईवर बसते आणि ताणले जात नाही. बारीक टोकाच्या पर्मनंट मार्करने प्रत्येक डागाची बाहेरची कड काढली आणि ज्या ठिकाणी रंग सर्वांत गडद होता तिथे वेगळ्या रंगाने बिंदू दिला. त्याबरोबर कोपराची घडी, मनगटाची घडी आणि हाताची मध्यरेषा यांच्याही खुणा घेतल्या. या तीन खुणा नसतील तर आकृती नंतर कुठे आणि किती तिरपी बसवायची याला आधार राहत नाही. तळवा वर ठेवून एक माग घेतला आणि तळवा आडवा करून दुसरा, कारण हात फिरवला की आतल्या बाजूची त्वचा आकृतीसकट पिळली जाते आणि दोन्ही मागांमध्ये कट्ट्याचा कोन वेगळा येतो.

आत्या या सगळ्या वेळात अर्धी झोपेत होती. तिचा हात वारंवार हलत होता, तेव्हा दुपारी जेवणानंतर हे काम घेऊ नये.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घेऊन गेले होते, पण मुख्य हेतू विचारपूस करण्याचा होता. आकृती कागदावर येण्याआधी ज्या व्यक्तीच्या अंगावर ती आहे तिला नीट बोलते करावे, अशी माझी सर्वांना आग्रहाची विनंती आहे, कारण आजच्या अर्ध्या तासात मला जे कळले ते मला कोणत्याही फोटोतून कळले नसते.

आत्या नऊ वर्षांची असताना, म्हणजे १९५० च्या सुमारास, गोंदणारी बाई वाड्यात आली होती. तिच्याजवळ दोऱ्याने एकत्र बांधलेल्या तीन सुया होत्या आणि वाटीत कसल्याशा पाल्याच्या रसात कालवलेले काजळ होते. तिने आधी काडी त्या काळ्यात बुडवून आकृती काढली आणि मग टोचायला घेतले. टोचून झाल्यावर धुऊन हळद आणि तेल लावले. हात सुजला होता, आणि त्या दिवशी विहिरीवर जायला मिळाले नाही एवढेच तिच्या लक्षात राहिले आहे. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की तिने एकही रेघ ओढली नव्हती. कट्ट्याच्या ज्या कडा मी रविवारी जाड रेषा समजून ट्रेस केल्या, त्या मुळात एकमेकांजवळ टोचलेल्या ठिपक्यांच्या ओळी होत्या आणि पुढे एकमेकांत मिसळून त्यांची रेघ झाली. हे कळल्यावर भिंग घेऊन पुन्हा पाहिले तेव्हा डाव्या कडेला, जिथे रंग कमी पसरला आहे, तिथे सुटे ठिपके खरोखरच मोजता आले.

दुसरा उलगडा कट्ट्याखालच्या डागाचा झाला. तो मी पायरी म्हणून काढला होता. आत्याने माझा कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "अगं, पायरी कसली? विंचू आहे तो. नांगी बघ, इकडे वळलीय." शेजारच्या मुलीने विंचू गोंदवला म्हणून हिनेही हट्ट धरला आणि घरी बोलणी खाल्ली. विंचवाचे पाय आता एकमेकांत इतके मिसळले आहेत की त्यांच्या संख्येबद्दल तिलाही खात्री नाही. अंदाजाने पाय काढणे मला पटत नाही, तेव्हा माझ्या हातावर फक्त वृंदावन येईल.

२६ जानेवारी, रविवार

सुट्टीचा पूर्ण दिवस रेखाटनात गेला. प्लास्टिकवरचा माग आलेखाच्या कागदावर उतरवला आणि प्रत्येक डागाऐवजी त्याच्या गडद मध्यावर फक्त एक बिंदू ठेवला. डाग आज सुमारे ३ मिलिमीटर रुंद आहेत, आणि शेजारच्या दोन मध्यांमधले अंतर ४ मिलिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे मोकळी जागा जेमतेम १ मिलिमीटर उरली आहे. शाई त्वचेच्या खालच्या थरात असते आणि तिथल्या पेशी तिचे कण गिळून धरतात; त्या पेशी मेल्या की सुटलेले कण नव्या पेशी पुन्हा उचलतात, हे २०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांच्या शेपटीवर दाखवले. रेघ वर्षांगणिक रुंदावते हे पाहायला मात्र संशोधक लागत नाही, कोणत्याही जुन्या गोंदणावर पट्टी ठेवली तरी पुरते. यावरून माझा हिशेब असा झाला की मध्यांची अंतरे आजचीच ठेवायची आणि ठिपका १.२ मिलिमीटरचा करायचा, म्हणजे पसरायला जागा राहील.

येथे एक खोच आहे, जी मला दुपारपर्यंत सुचली नव्हती. नऊ वर्षांच्या मुलीचा हात पुढे वाढला आणि त्याबरोबर गोंदणही ताणले गेले. त्यामुळे आज जी अंतरे आहेत ती गोंदणारीने ठेवलेली नव्हेत; मूळ वृंदावन याहून लहान होते. मूळ माप आता कोणालाही काढता येणार नाही, आणि लहान केले तर ठिपके पुन्हा दाटीने येतील, तेव्हा आजचेच माप कायम केले. उंची ४६ मिलिमीटर आली.

पहिला आराखडा मी अर्धा काढून उरलेला अर्धा आरशासारखा उलटवला होता, कारण कार्यालयात तीच सवय आहे. आत्याच्या कट्ट्याच्या डाव्या बाजूला सात ठिपके आहेत आणि उजव्या बाजूला सहा. तुळशीचा शेंडाही किंचित मनगटाकडे डावीकडे झुकलेला आहे. दोन्ही बाजू सारख्या केल्यावर ते एखाद्या सहकारी बँकेच्या बोधचिन्हासारखे दिसू लागले. तो कागद फाडला आणि सात व सहा जसेच्या तसे ठेवले.

२ फेब्रुवारी, रविवार

स्टुडिओ शोधण्याची वेळ. विजय नगरच्या बाजूला एका स्टुडिओत ५०० रुपये आगाऊ भरून तारीख घेतली होती. तिथल्या आर्टिस्टने माझा कागद स्कॅन करून दोन दिवसांनी मोबाइलवर जे पाठवले त्यात कट्ट्याला छटा, तुळशीमागे उगवता सूर्य आणि बाजूला मोरपीस होते. मी नकार दिल्यावर त्याने सांगितले की नुसत्या ठिपक्यांचे काम त्याच्या सोशल मीडियाच्या पानावर शोभणार नाही. आगाऊ रक्कम परत मिळाली नाही. पैसे भरण्याआधी आर्टिस्टने केलेले, भरून आलेले आणि वर्षभर जुने झालेले ठिपक्यांचे काम पाहायला मागावे. ताज्या टॅटूचे फोटो सगळ्यांचेच सुरेख असतात.

पलासियाजवळच्या दुसऱ्या, लहानशा स्टुडिओत मी पुढील गोष्टी विचारल्या आणि उत्तरे समाधानकारक मिळाली. सुया एकदाच वापरायच्या आणि माझ्यासमोर पाकीट फोडून काढल्या जातील. शाई मोठ्या बाटलीतून छोट्या टोपीत ओतून घेतली जाईल आणि उरलेली परत बाटलीत जाणार नाही. मशीन, वायर आणि हात टेकण्याची जागा प्रत्येक वेळी नव्या प्लास्टिकने झाकली जाईल. पुन्हा वापरायची धातूची पकड ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या यंत्रात, १२१ अंशांवर दाबाखाली निर्जंतुक केलेली हवी, पण त्यांच्याकडे आता सगळे एकदाच वापरून टाकायचे सुयांचे कार्ट्रिजच आहे. जत्रेत बॅटरीच्या मशीनवर गोंदणाऱ्यांकडे एकच सुई किती हातांतून जाते हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे, म्हणून हे प्रश्न विचारताना संकोच करू नये. येथील आर्टिस्ट तरुण मुलगी आहे आणि तिने स्वतःहून सुचवले की ठिपके मशीनऐवजी हाताने टोचू या. ठरलेली रक्कम ४,००० रुपये.

९ फेब्रुवारी, रविवार

स्टेन्सिल, म्हणजे टोचण्याआधी आकृती त्वचेवर उमटवायचा शाईचा कागद. आर्टिस्टने थर्मल प्रिंटरमधून काढलेल्या स्टेन्सिलमध्ये १.२ मिलिमीटरचे ठिपके फुगून जवळजवळ दुप्पट झाले. बारीक रेघा काढायला तो प्रिंटर चांगला असेल, पण ठिपक्यांना नाही. मी तिच्याकडून स्पिरिट पेपरचे पाच कागद १५० रुपयांना घेतले आणि घरी हाताने स्टेन्सिल काढायला बसले. या कागदात वरच्या पांढऱ्या पानाखाली एक झिरझिरीत तपकिरी कागद असतो आणि त्याखाली जांभळ्या शाईचे पान असते. तो झिरझिरीत कागद काढून टाकल्याशिवाय काहीही उमटत नाही. आकृती उलटवून काढण्याची गरज नसते, कारण शाई वरच्या पानाच्या पाठीला लागते आणि तीच पाठ त्वचेवर टेकते. बॉलपेन फार टोकदार असेल तर कागद फाटतो, आणि प्रत्येक ठिपक्यावर पेन गोल फिरवले तर तो पुन्हा फुगतो. पेन उभे धरून एकदाच दाबायचे.

१६ फेब्रुवारी, रविवार

आकृती कोणत्या दिशेने बसवायची यावर आर्टिस्टशी बराच वेळ चर्चा झाली. स्टुडिओची रीत अशी की हात खाली सोडला असता समोरच्याला आकृती सुलटी दिसावी. आत्याच्या हातावर कट्टा कोपराकडे आणि शेंडा मनगटाकडे आहे, म्हणजे हात सोडला की वृंदावन उलटे होते, आणि हात जोडले किंवा समोर धरले की सुलटे होते. आर्टिस्टचे म्हणणे होते की लोक मला रोज विचारतील की हे उलटे का आहे. विचारू देत. वृंदावन आत्याने जसे पाहिले तसेच मला पाहायचे आहे, आणि माझ्या हातावर ते माझ्यासाठीच आहे.

स्टेन्सिल लावण्याच्या पद्धतीत मात्र तिचे म्हणणे शंभर टक्के बरोबर निघाले. मी टेबलावर तळवा वर करून हात ठेवला आणि स्टेन्सिल लावून घेतली; उभी राहिले तेव्हा कट्टा चक्क तिरपा झाला. पुसून पुन्हा लावली, या वेळी उभे राहून, हात सैल सोडून, तळवा मांडीकडे ठेवून, आणि मग ती कोणत्याही स्थितीत फारशी खटकेनाशी झाली. आत्याच्या दोन मागांपैकी आडव्या तळव्याचा माग याला जवळचा आहे, हे घरी येऊन पडताळले.

सर्जिकल मार्कर दवा बाजारात ८० रुपयांना मिळाला. त्याने हीच आकृती हातावर काढून मी आठवडाभर वागवणार आहे. पुसट झाली की पुन्हा गिरवायची. कार्यालयात बाही वर गेल्यावर, भांडी घासताना, गाडी चालवताना ती कुठे येते हे कळावे म्हणून हा खटाटोप आहे, आणि ८० रुपयांत इतकी खात्री दुसरीकडे मिळत नाही.

आर्टिस्टने सिलिकॉनच्या सरावाच्या कातडीवर तीन, पाच आणि सात सुयांच्या गोल लायनरने, म्हणजे गोलात बसवलेल्या सुयांच्या जुडीने, ठिपक्यांच्या ओळी टोचून दाखवल्या. तीन सुयांचा ठिपका फार बारीक पडतो आणि भरून आल्यावर तिळासारखा फिका होण्याचा संभव असतो. सात सुयांचा आजच आत्याच्या डागाएवढा वाटतो. पाच सुया कायम केल्या. गोंदणारीने तीन सुया वापरल्या होत्या, पण त्या हाताने बांधलेल्या साध्या शिवणाच्या सुया असाव्यात आणि आजच्या ०.३ मिलिमीटरच्या सुयांशी त्यांची तुलना होत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज काम झाले. सकाळी पोहे-जिलेबी खाऊन गेले होते. रिकाम्या पोटी जाऊ नये, चक्कर येते. वय आणि प्रकृती यांचा फॉर्म भरून घेतला. सुन्न करण्याचे क्रीम लावले नाही, कारण काही त्वचांवर त्याने वरचा थर ओलसर व फुगीर होतो आणि हाताने टोचताना खोली कळत नाही, असे आर्टिस्टचे मत होते. वेदना सोसण्याजोगी होती. मनगटाकडच्या शेंड्यापाशी ती एकदम वाढली.

पहिली अडचण स्टेन्सिलची आली. लावल्यावर पंधरा मिनिटे वाळू दिली होती, तरी शाई पुसताना ओल्या टिश्यूने खालच्या ओळीतले दोन ठिपके नाहीसे झाले. आर्टिस्ट उजव्या हाताने काम करते आणि तिने वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली होती, त्यामुळे तिचा हात पुढच्या स्टेन्सिलवरून घासत होता. तिने थांबून क्रम बदलला आणि उजव्या खालच्या कोपऱ्यापासून वर सरकत गेली. टिश्यूही पुसण्याऐवजी टेकवून उचलू लागली. पुसलेले दोन ठिपके माझ्या आलेखाच्या कागदावरून मापून मार्करने पुन्हा दिले. कागद बरोबर नेला नसता तर ते अंदाजाने पडले असते.

दुसरी अडचण खोलीची होती. सुई साधारण दीड मिलिमीटर जायला हवी. त्याहून उथळ गेली तर रंग सालीबरोबर निघून जातो आणि अधिक खोल गेली तर शाई खाली पसरून ठिपक्याभोवती निळसर कड धरते, ज्याला ब्लोआउट म्हणतात. हाताने टोचताना त्वचेतून सुई बाहेर येण्याचा बारीक टक असा आवाज ऐकू येतो, आणि आर्टिस्ट त्यावरच भिस्त ठेवून होती. शेंड्याशी त्वचा पातळ आहे, तिथे एका ठिपक्यावर रक्ताचा थेंब आला आणि काही मिनिटांत त्याची कड धूसर झाली. त्यावर उपाय नसतो. तिने लगेच सांगितले, लपवले नाही, आणि शेंड्याचे उरलेले ठिपके त्वचा दुसऱ्या हाताने अधिक ताणून टोचले. सगळे काम मशीनने पाऊण तासात झाले असते. हाताने दुपार लागली.

१ मार्च, शनिवार

पहिल्या आठवड्याची नोंद एकत्र देते. स्टुडिओतून पारदर्शक फिल्म लावून पाठवले होते, २५० रुपये वेगळे. पहिल्या रात्री तिच्याखाली रक्तमिश्रित पाणी आणि शाई यांची काळी पिशवी तयार झाली. ते पाहून घरात घबराट झाली, परंतु तेवढे स्वाभाविक असते. स्वाभाविक नव्हते ते दुसऱ्या संध्याकाळी फिल्मच्या कडेने उमटलेले लाल चौकोनी चट्टे आणि खाज. लाली टॅटूभोवती नव्हती, नेमकी चिकटाच्या जागी होती, यावरून तो चिकटाचा त्रास असल्याचे कळले. कोमट पाण्याखाली धरून, वर न ओढता त्वचेला समांतर ताणत फिल्म काढली आणि नवी लावली नाही. लाली एका दिवसात गेली. ज्यांना साध्या पट्टीचेही चट्टे उठतात त्यांनी फिल्मचा तुकडा आठवडाभर आधी दंडावर लावून पाहावा.

त्यानंतर दिवसातून दोनदा सुवासविरहित साबणाने धुणे, स्वच्छ कागदी रुमालाने टिपणे आणि अगदी पातळ मलम, एवढेच. साबण व मलम मिळून १८० रुपये. मलम जाड लावले की ठिपके ओले राहून खपली मऊ पडते. आत्याने फोनवर हळद लावण्याचा आग्रह धरला आणि मी गोड बोलून टाळला. उघड्या जखमेवर स्वयंपाकघरातला डबा नको. महाशिवरात्रीला देवगुराडियाच्या शिवमंदिरात जाण्याचा बेतही ऊन आणि गर्दी यांमुळे रद्द केला. स्कूटरवर पूर्ण बाहीचा सैल सुती सदरा घालते.

८ मार्च, शनिवार

ठिपक्यांवरची साल निघून गेली. ठिपक्यांच्या कामात खपल्या बारीक असतात आणि कपड्याला अडकून ओढल्या जातात. रात्री झोपेत एक गेली. खाज येते तेव्हा खाजवण्याऐवजी तळव्याने हलके थोपटावे. कट्ट्याच्या उजव्या कडेचे दोन ठिपके स्पष्टपणे फिके पडले आहेत. हे पुसलेल्या स्टेन्सिलचेच दोन आहेत, कारण मार्करवरून टोचताना हात बिचकला असावा.

१९ मार्च, रंगपंचमी

इंदूरच्या माणसाला आजच्या दिवशी घरी बसायला सांगणे कठीण आहे. आमच्याकडचे सगळे राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, पाहायला गेले. वरून त्वचा बंद झालेली दिसते, पण ठिपक्यांवर अजून चमक आहे, आणि ती चमक म्हणजे नवी त्वचा पुरती तयार नाही याची खूण. टँकरमधून उडणारे रंगीत पाणी, मिसाइल म्हणतात त्या यंत्राने उडवलेला गुलाल आणि तो काढण्यासाठी नंतर घासलेला हात यांतले काहीही या त्वचेला चालणार नाही. मी गेले नाही. ज्यांना टॅटू करायचा आहे त्यांनी इंदूरमध्ये तो एक तर संक्रांतीच्या आसपास करावा किंवा गुढीपाडव्यानंतर. मी आत्याचे आणि आर्टिस्टचे सवडीचे दिवस पाहिले, पंचांग पाहिले नाही.

६ एप्रिल, रविवार

आज टचअप झाला, त्याचे वेगळे पैसे पडले नाहीत. फिके पडलेले दोन ठिपके पुन्हा टोचले. शेंड्याजवळचा धूसर ठिपका तसाच राहू दिला. त्याला झाकण्यासाठी शेजारी आणखी ठिपके वाढवावेत अशी सूचना आली होती, पण मग आत्याची मोजणी बिघडली असती. एकूण खर्च ५,१८० रुपये झाला, आणि त्यातले ५०० निष्कारण गेले. वेळेचा हिशेब केला तर सुईच्या कामाला एक दुपार लागली आणि माग, रेखाटन व स्टेन्सिल यांत जवळजवळ सगळा जानेवारी आणि अर्धा फेब्रुवारी गेला. घाई करायचीच असेल तर स्टुडिओच्या बाबतीत करा, मागाच्या बाबतीत करू नका.

दोन गोष्टी टॅटूच्या आधी कळलेल्या बऱ्या. गोंदल्यानंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही, आणि मी दरवर्षी कार्यालयाच्या शिबिरात देत असे, तेव्हा यंदा नाव कळवून काढून घेतले. दुसरी गोष्ट माझ्या भाच्याच्या संदर्भात लक्षात आली. तो निमलष्करी दलाच्या भरतीची तयारी करतो आहे आणि माझा हात पाहून त्यालाही उजव्या हातावर त्रिशूळ हवा झाला. तिथल्या वैद्यकीय नियमांप्रमाणे टॅटू डाव्या हाताच्या आतल्या बाजूला किंवा तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो, उजवा हात सलामीचा म्हणून चालत नाही, आणि आकार त्या भागाच्या पाव हिश्श्याहून कमी असावा लागतो. त्याला निवड होईपर्यंत थांबायला सांगितले आहे आणि त्याने ते ऐकले आहे.

विंचू मात्र भाचीने मागितला आहे. ती सतरा वर्षांची आहे आणि स्टुडिओ अठरा पूर्ण झाल्याशिवाय कोणालाही खुर्चीवर बसवत नाही, त्यामुळे हाताशी वर्ष आहे. धारला आत्याच्या शेजारची जी मुलगी होती तिची धाकटी बहीण उज्जैनला राहते असे कळले आहे, आणि तिच्या हातावरही त्याच बाईने टोचलेला विंचू आहे. तिच्या विंचवाचे पाय मोजता येतात का, हे पाहायला पुस्तकाच्या कव्हरचे उरलेले प्लास्टिक आणि भिंग घेऊन मे महिन्यात जाणार आहोत.